मुंबईत दोन दिवस : पोटाची सोय

आपण खेड्यातली माणसे मुंबईला हौसेने क्वचितच जातो. कुणाचे डोळे दाखवायचे असतात, कुणाचा कागद मंत्रालयात अडकलेला असतो, कुणाच्या लेकीला तिकडचे स्थळ आलेले असते. रात्रीच्या एस.टी.ने निघायचे, पहाटे परळला उतरायचे, दोन दिवसांत काम उरकून पुन्हा रात्रीची गाडी धरायची. पहिला दिवस शिदोरीवर निघतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फोडायला कांदा, एवढे असले की कुणापुढे हात पसरावा लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी दशमी वातड होते, चटणी संपलेली असते आणि मग खरा प्रश्न उभा राहतो.

पूर्वी याचे उत्तर सोपे होते. लालबाग-परळला कुणी ना कुणी चुलता, मामा गिरणीत असायचा. त्याच्या खोलीवर पिशवी टाकली की झाले. आता तीच माणसे डोंबिवलीला, विरारला, कुठे कुठे गेली. नवरा-बायको दोघेही सकाळी सातला गाडी पकडतात. अशा घरात चार माणसांनी जाऊन बसायचे आणि त्या माउलीने नोकरीवरून आल्यावर आपल्यासाठी भाकऱ्या थापायच्या, हे मला तरी बरे वाटत नाही. मुक्काम त्यांच्याकडे करावा, जेवण बाहेर करावे. नातेही टिकते आणि त्यांचा जीवही वाचतो.

पण बाहेर म्हणजे कुठे? हॉटेलच्या दारात आपला पाय अडखळतो तो काही नुसत्या पैशाने नाही. बिल किती होईल, कसे मागायचे, बाईमाणसाने आत जावे का आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या हातचे खायचे. २०२४च्या ऑक्टोबरात आमच्या आत्याबाईंचे डोळे दाखवायला आम्ही चौघे गेलो होतो. आत्याबाई, आमचे हे, धाकटा मुलगा आणि मी. आत्याबाई पंचाहत्तरीच्या आहेत. आयुष्यात हॉटेलचा चहासुद्धा प्यायलेल्या नाहीत. एस.टी. कुठेही थांबली तरी त्या गाडीतच बसून राहायच्या.

"दोन दीस न खाल्ल्यानं मानूस मरत न्हाई," असे त्यांनी निघतानाच सांगून ठेवले होते.

त्यांना पहिल्यांदा नेले ते इराण्याकडे. मुद्दामच नेले. मुंबईत जुन्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर अजून काही इराणी हॉटेले उरली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून पारशी धर्माची गरीब माणसे पोटासाठी मुंबईला आली. त्यांनी चहाची दुकाने टाकली. कोपऱ्यावरची जागा धंद्याला अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. दोन रस्त्यांची माणसे एकाच दुकानात येऊ लागली आणि अशुभ जागेचे सोने झाले. धोबी तलावाजवळची कयानी आणि कंपनी १९०४ सालची आहे. बॅलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया १९२३ची. एका काळी अशी हॉटेले शेकड्यांनी होती. आता मोजकीच राहिली, कारण पुढच्या पिढीची मुले शिकून दुसरीकडे गेली आणि त्या कोपऱ्यांच्या किमती आभाळाला भिडल्या.

आत गेले की वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, संगमरवरी पाटाची टेबले, भिंतीला मोठाले आरसे. बरण्यांतून बिस्किटे, खारी. चहा गोड आणि घट्ट. दुधाळ हवा असेल तर "पानी कम" म्हणायचे, पोऱ्याला बरोबर कळते. बरोबर ब्रुन मस्का घ्यावा. ब्रुन म्हणजे वरून कडक, आतून मऊ असा पाव. तो कापून आत लोणी लावून देतात आणि चहात बुडवून खायचा. दात नसलेल्या माणसाने नुसता बन मस्का मागावा. आत्याबाईंनी तो मागितला नाही. त्या पदर तोंडाला लावून आरशात बघत बसल्या होत्या.

इराण्याचे हॉटेल मला आवडते ते पावासाठी नव्हे. आपल्या गावांत चहाच्या टपरीवर काही लोकांसाठी कान तुटलेली कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असायची. ती ज्याने प्यायची त्यानेच धुऊन ठेवायची. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे, त्यांतल्या कित्येकांनी ती कपबशी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि काहींनी तिच्यातून चहा प्यायला आहे. पाण्यासाठी महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तिथे चहाची काय कथा! त्या काळात मुंबईतही जातीच्या नावाची उपाहारगृहे होती. इराण्याला मात्र आपली जात कळत नव्हती आणि कळून घ्यायचीही नव्हती. पैसे टाका, बसा, चहा प्या. हमाल, कारकून, गिरणीवाला, मुसलमान, ख्रिस्ती, गावाहून आलेला महार आणि मराठा एकाच टेबलाला एकाच घाटाच्या कपातून चहा पीत. पुढे आपली राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन सांगितले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणाने तिथे कुणाला मज्जाव करता येणार नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, त्यातही हॉटेलात येऊ न देणे हा गुन्हा ठरला. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलचे नाव मुद्दाम घालावेसे वाटले, यावरूनच त्या चहाच्या कपाचे मोल ध्यानात यावे.

बायकांसाठी या हॉटेलांतून लाकडी खोपटी असत. त्यांना फॅमिली रूम म्हणत. पडदा किंवा झुलते दार लोटले की बाईमाणसाला निवांत बसता येई. आता बहुतेक ठिकाणी तशी खोपटी नाहीत आणि त्यांची गरजही पडत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर दोन मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, एकट्याच. आत्याबाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या.

"ह्या कुणाची वाट बघत्यात?" त्यांनी मला विचारले.

"कुणाची नाही, आत्याबाई. आपलं काम करत बसल्यात."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण निघताना माझ्या बशीतला खारीचा उरलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला, तो मी पाहिला आणि न पाहिल्यासारखे केले.

इस्पितळातले काम दुपारी दीडला संपले. सकाळपासून आत्याबाईंच्या पोटात तेवढा खारीचा तुकडा होता. धाकटा म्हणाला माटुंग्याला जाऊ. माटुंगा हा मुंबईतला दक्षिणेकडच्या लोकांचा भाग. देवळे, फुलांचे हार, केळीची पाने, दळलेल्या कॉफीचा वास, सगळे रस्त्यावरच. रामाश्रय, कॅफे मद्रास ही इडली-डोशाची जुनी नावे इथलीच. आपल्याला मात्र जेवायचे असते आणि जेवायला स्टेशनजवळचे रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग बरे. भाजीबाजाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. १९४२ सालापासून चालते. जिना चढून जावा लागतो, गर्दीच्या वेळी रांग असते, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाराने जरा लवकर किंवा जरा उशिरा जावे.

उडुपी हे गाव कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे. तिथे श्रीकृष्णाचे मोठे देवस्थान आहे आणि तिथल्या मठांतून रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक होतो. त्या भागातली पोरे स्वयंपाकाचा हात घेऊन मुंबईला आली. दिवसा हॉटेलात टेबले पुसायची, रात्री रात्रशाळेत बसायचे आणि तिथेच पथारी पसरायची, असे करत करत कित्येकजण पुढे हॉटेलांचे मालक झाले. आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावालासुद्धा इडली मिळते ती याच लोकांच्या कष्टाने.

आत केळीचे पान मांडले. पाणी शिंपडून पान पुसायचे, ते आत्याबाईंनी न सांगता केले. लग्नातल्या पंगतीची सवय! मग भाजी, कोशिंबीर, लोणचे, पापड, पुऱ्या, भाताची मूद, त्यावर सांबार, मागून रसम, शेवटी दही-ताक. वाढणारे मागे-पुढे फिरत असतात. पान रिकामे दिसले की येतात. आपल्याकडे जसे "आता पुरे" म्हणत हात आडवा धरतात तसाच इथेही धरावा लागतो. भाषा समजली नाही तरी चालते. रसम म्हणजे आपल्या आमटीचे पातळ पाणी समजावे, मिरे आणि चिंच पुढे, भाताशी कालवून खायचे किंवा वाटीने प्यायचे. ज्वारी-बाजरीच्या माणसाला भात फार वाटतो, हे खरे. आमच्या ह्यांनी दोनदा भाकरी मिळेल का विचारले, ती तिथे कशी मिळणार!

आत्याबाईंनी पानाकडे पाहिले. मग वाढणाऱ्या पोराकडे पाहिले. वीस-बावीसचा, काळासावळा, कपाळाला गंधाची उभी रेघ.

"बाळा, तुझं गाव कुठलं?"

"कुंदापूरकडं, आजी." मोडक्या मराठीत तो म्हणाला.

"शेत हाय का?"

"आहे. भाताचं. थोडंच."

"मग हितं रं काय करतुयास?"

तो हसला आणि त्यांच्या पानात भात वाढून पुढे गेला. आत्याबाईंनी पहिला घास घेतला. पंचाहत्तर वर्षांत परक्या हातचा, विकत घेतलेला पहिला घास. त्यांना सांबार तिखटाला कमी वाटले, रसम आवडले आणि ताक त्यांनी दोनदा मागून घेतले. पानात काही टाकले नाही. जेवण झाल्यावर मी विचारले, "कसं वाटलं आत्याबाई?" तर म्हणाल्या, "शेतकऱ्याचं पोरगं हाय. त्याच्या हातचं खायाला काय हुतंय?" आयुष्यभर पाळलेला नेम मोडायला त्यांना कारण हवे होते, ते त्यांनीच शोधून काढले. त्यावर मी आणखी काही विचारले नाही.

संध्याकाळी आम्ही परळ-लालबागच्या बाजूला गेलो. आत्याबाईंचे थोरले दीर तिथे गिरणीत होते, ती चाळ त्यांना बघायची होती. जुन्या काळी एकेका खोलीत एकेका गावची पंधरा-वीस माणसे राहात. पाळ्या तीन, त्यामुळे एकाची पथारी उठली की दुसऱ्याची पडे. या माणसांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका हा गिरणगावाचा मोठा आधार होता. नवऱ्याची नोकरी गेलेली, कुणी विधवा, कुणी कुटुंबाला हातभार लावणारी. उधारीवर धान्य आणायचे, दहा-वीस जणांचे डबे रांधायचे आणि महिनाअखेरीला पगार झाला की पैसे घ्यायचे. मधल्या दिवसांत सावकाराचे व्याज त्यांची कमाई खाऊन टाकी. प्रेमा पुरव या गोवा मुक्तिसंग्रामातल्या आणि गिरणी कामगारांत काम केलेल्या बाईंनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. तारण काय? तर एकमेकींचा शब्द. सरकारने प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री दिली.

पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बहुतेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. जेवणारा गावी गेला, मग रांधणारीने काय करायचे? आपल्या पाटण, शिराळा, कोकणपट्टीच्या घराघरांत त्या वर्षी परत आलेली माणसे होती, त्यांना हे सांगायला नको.

त्याच गिरण्यांच्या आवारात आता मोठाली हॉटेले आणि दारूचे पब आहेत. धाकट्याने लांबून दाखवले. आत एका ताटाला लागतात तेवढ्यात आपला आठवड्याचा बाजार होतो. पैशाचे असो, पण २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या अशा दोन हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसे गुदमरून, होरपळून गेली. वाढदिवसाला आलेली तरुण मुले होती त्यांत. तुमची मुले शहरात शिकायला, नोकरीला असतील तर ती अशा ठिकाणी जाणारच. नको म्हणून थांबत नाहीत. त्यांना एवढे सांगावे की वरच्या मजल्यावर बसण्याआधी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते बघून ठेव.

दारूचे आणखी एक. कित्येक हॉटेलांवर "परमिट रूम" अशी पाटी असते. नवख्याला वाटते जेवायची खास खोली असेल. मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदीचा कायदा झाला, त्याखाली पिणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, म्हणून ते नाव. बायका-मुलांना घेऊन जाणाराने ती पाटी वाचून पुढे जावे. कुलाब्याचे लिओपोल्ड हे १८७१ सालचे इराण्याचे हॉटेल, तिथेही बिअर मिळते. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात तिथे गोळीबार झाला, भिंतीवरच्या खुणा मालकांनी तशाच ठेवल्या आहेत. मुलगा बघून आला, आम्ही बाहेरच उभे राहिलो.

वडापाव मात्र चुकवू नये आणि त्यासाठी कुठे शोधायलाही लागत नाही. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानतात. बटाटा हा शब्दही पोर्तुगीजांचा आणि पावही त्यांचाच. आम्ही वीस रुपयांना एक असे चार घेतले. आमचे हे हिशेबाला पक्के. म्हणाले, किलोभर बटाट्याचे पंधरा वडे होतात, म्हणजे तीनशे रुपये. आपल्या पुसेगावच्या बटाटेवाल्याला किलोला काय मिळतात? दादरच्या फलाटावर उभ्या उभ्या त्यांना राग आला.

आत्याबाई शांतपणे वडा खात होत्या. हो, खात होत्या! म्हणाल्या, "त्याल, बेसन, पाव, ग्यास कोन देतंय? आन ह्या जागंचं भाडं? अर्धाच हिशेब मांडतुयास." ह्यांनी मग पुन्हा हिशेब मांडला. पहिल्यापेक्षा कमी आला, तरी बटाट्याच्या वाट्याचे काही त्यांच्या मनातून गेले नाही. मिसळीचेही तसेच. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका संस्थेने जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ ठरवले. मटकी, कांदा, पाव. पिकवणारे आपण, पण त्या बक्षिसाची बातमी आपल्याला शहरातल्या पाहुण्याकडून कळते.

स्वस्त जेवणाचे सरकारी प्रयत्नही झाले. १९९५च्या सुमारास एक रुपयात झुणका-भाकर मिळायची, पुढे ती केंद्रे बंद पडली. २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. आपण जाऊ त्या दिवशी केंद्र उघडे असेलच असे धरून मात्र चालू नये.

आता बिलाचे. बसण्यापूर्वी दरपत्रक मागून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. थाळी "मर्यादित" की "अमर्यादित" हे आधी विचारावे. पाणी आणू का म्हणून पोऱ्या विचारतो तेव्हा "साधं" म्हणावे, नाहीतर बाटली उघडून पुढे येते. हॉटेलात बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतात, असा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तेव्हा भांडून उपयोग नाही. साध्या हॉटेलात बिलावर पाच टक्के जीएसटी असतो, तो द्यावाच लागतो. पण त्याखेरीज "सेवा शुल्क" म्हणून आणखी आकडा दिसला तर तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये ठरवून दिले की हे शुल्क हॉटेलने आपण होऊन लावू नये. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगावे, आवाज चढवायची गरज नाही. एका हॉटेलात आमच्या बिलात तो आकडा होता. धाकट्याने बोट ठेवताच मॅनेजरने दुसरे बिल आणून दिले.

वाढणाऱ्याला द्यायचे असेल ते हातात द्यावे. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी पुन्हा माटुंग्यालाच जायचे धरले. तोच पोरगा होता. या वेळी त्या स्वतःच जिना चढल्या आणि पान पुसून बसल्या. निघताना त्यांनी कमरेची पिशवी सोडून वीस रुपयांची घडी त्याच्या मुठीत दाबली. तो घेईना. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात घरी भातकापणी आहे, सुट्टी मागितली आहे, अजून मिळाली नाही.

"कापनी कुनासाठी थांबत न्हाई बाबा. मालकाला तसं सांग," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून कुणीतरी सांबार मागितले आणि तो बादली घेऊन तिकडे वळला.